वगळायच्या वाक्यांचं वर्णन

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. चौकशी समितीची सचिव झाल्यापासून माझा फोन आणि मेल दोन्ही नोंदवले जातात, आणि भावजयीशी मी काय बोलले ते आमच्या अध्यक्ष असलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा लावून वाचावं अशी माझी इच्छा नाही. पोस्टाची पेटी मात्र कुणाला आठवलेली नाही. वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या सवयीप्रमाणे आधी माझं शुद्धलेखन तपास, मग फाड.

आपल्या सोन्याचं प्रकरण आमच्याच समितीकडे आलं आहे. कर कार्यालयाची लिफ्ट दोर तुटून खाली आली, लिफ्टमनचा पाय गेला, आणि त्या लिफ्टला आदल्याच महिन्यात ‘सुरक्षित’ असा दाखला देणारा निरीक्षक म्हणजे माझा धाकटा भाऊ, तुझा नवरा. नातं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लग्न करून मी आडनाव बदललं, लग्न करूनही तू बदललं नाहीस. त्यामुळे कागदावर आपण तिघं एकमेकांचे कुणीच नाही. नाव बदललं नाहीस म्हणून आई तुला उठताबसता बोलायची. आता तेच पथ्यावर पडलं.

जबानीत ह्या शहाण्याने काय सांगितलं असेल? ‘मी गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत चढलोच नाही. खाली चहा घेतला आणि दाखल्यावर सही केली.’ उभ्या जन्मात खरं बोलला नाही, आणि बोलला तो नेमका इथे!

आता तुझं काम. मागच्या एका समितीत कुणीतरी रातोरात पानं बदलली होती, म्हणून आमच्या अध्यक्षांनी नियम केला आहे की अहवालाला माणसाचा हात लागता कामा नये. सगळं संपादन एआय एजंट करणार. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक मजकूर शोधतं, एक बदलतं, एक काढतं. कुठलं टूल केव्हा आणि कसं वापरायचं हे त्याला वर्णन लिहून सांगावं लागतं, आणि तुझी कंपनी तुला पगार देते तो ह्याच उद्योगाचा. मी अध्यक्षांपुढे तज्ज्ञ म्हणून तुझं नाव टाकलं आणि ते मंजूर झालं. अहवालात माणसाचा हात शिरायला एवढीच फट उरली आहे, तिथे मी तुझा हात बसवला आहे.

सोन्याचं ते वाक्य तीन ठिकाणी आहे. त्याच्या जबानीत, लिफ्टमनच्या जबानीत आणि निष्कर्षात. ‘पुनरुक्ती काढणे’ नावाचं एक टूल आहे, त्याचं वर्णन असं ढगळ लिही की तिन्ही वाक्यं त्यात वाहून जातील. माझा भाऊ ह्यातून सुटला पाहिजे. बाकी मला काही नको.

कधी नव्हे ते तुझं शिक्षण घरच्यांच्या उपयोगी पडू दे.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार, जेवढा वाकता येतो तेवढा.

काम मिळवून दिलंत त्याबद्दल आभारी आहे. घराबाहेर पडायला निमित्त हवंच होतं. निलंबित नवरा घरात असणं म्हणजे काय, हे तुमच्यासारख्या नोकरीत मुरलेल्या बाईला सांगून कळणार नाही. हे सोफ्यावर आडवे असतात आणि तिथून आज्ञा सोडतात. ‘ते जरा बघ.’ ‘त्याला सांगून टाक.’ ‘तिकडचं ते इकडे आण.’ काय, कुणाला, कुठलं, काही नाही. मग आपण अंदाजाने काहीतरी आणावं आणि ह्यांनी कपाळाला हात लावावा: ‘मी हे कुठे म्हटलं होतं?’ अशा माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला एजंटसाठी वर्णनं लिहिणं अगदी सोपं जातं. एजंट म्हणजे मीच की! त्याला ना समिती दिसते, ना लिफ्ट, ना तुमचा भाऊ. टूलचं नाव आणि त्याखालचं वर्णन, एवढंच त्याचं जग. लिहिलं नसेल तिथे तो विचारत बसत नाही, ठोकून देतो. त्याला लाज नाही, नुसता अंदाज आहे.

ह्यांच्या जबानीचं मला नवल वाटलं नाही. चढायचा कंटाळा पहिल्यापासूनच. माझी आई हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होती तेव्हा मला कामावरून सुटता येईना, म्हणून ह्यांना पाठवलं होतं. आल्यावर म्हणाले, ‘पाहून आलो. झोपल्यात. ठीक आहेत.’ मी निवांत राहिले. हे खालच्या कँटीनमधूनच परत आले होते. आई तेव्हा ठीक नव्हती, आणि नर्सला हाक मारायला जवळ कुणी नव्हतं. जाऊ दे. मी मनात काही ठेवलेलं नाही.

वर्णन लिहून सोबत जोडलं आहे:

‘हे टूल एकाच दस्तऐवजात शब्दशः पुन्हा आलेलं वाक्य काढतं. पहिला उल्लेख जसाच्या तसा ठेवावा. साक्षीदाराच्या जबानीवर हे टूल वापरू नये. आशय सारखा पण शब्द वेगळे असतील तर काढू नये. काढलेलं प्रत्येक वाक्य पानाच्या क्रमांकासह परत दाखवावं.’

बरं जमलंय ना?

आपली,
वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तू वेडी आहेस की वेड पांघरतेस? मी ढगळ सदरा मागितला, तू मापाचा शिवून वर बटणं लावून पाठवलास. जबानीवर वापरू नये म्हणे! अगं, जबानीवर वापरण्यासाठीच तर तुला आणलं! आणि काढलेलं वाक्य परत दाखवायचं? चोराने जाताना चिठ्ठी ठेवून जायची का, की अमुक अमुक नेलं म्हणून?

तुझ्या कंपनीत ह्या नेमकेपणाचं कौतुक होत असेल. इथे तू माझ्या भावाची बायको आहेस.

आणि आईचं ते प्रकरण अजून उगाळतेस. तुझी आई तशी जाणारच होती. सोन्याने जिने चढले असते तर ती थांबणार होती का? लहानपणी त्याला गच्चीतून वाळलेले कपडे आणायला पाठवलं तर जिन्याच्या मधल्या वळणावर बसून राहायचा आणि खाली येऊन म्हणायचा, अजून ओले आहेत. आम्ही हसायचो. तूही हसायला शीक.

त्या लिफ्टमनची तर भलतीच पीडा आहे. परवा कुबड्या टेकत कचेरीत आला. ‘बाई, माझी जबानी नीट लिहिलीय ना, एकदा वाचून दाखवा.’ मी म्हटलं, अहवाल झाला की बघू. म्हणाला, थांबतो. थांबला दिवसभर, भिंतीला टेकून. शिपाई खुर्ची आणायला निघाला होता, मी त्याला डोळ्यांनीच दाबलं. ह्या लोकांना एकदा खुर्ची दिली की रोज येतात.

पुन्हा लिही. मोघम.

ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमच्या रागापुढे माझं काय चालणार? लिहिलं मोघम. ‘अनावश्यक व पुन्हा पुन्हा आलेला मजकूर काढून अहवाल सुटसुटीत करावा.’ एवढंच. कुठलाही साहेब लिहील तसं. अध्यक्षांच्या सांगण्यावरून अहवालाच्या एका प्रतीवर त्याची चाचणी झाली, तुम्ही रजेवर होतात तो दिवस. काय झालं ते तुमच्या कानावर आलं असेलच, पण कचेरीतल्या लोकांना धड सांगता येत नाही म्हणून मी सांगते.

लिफ्ट खाली आली हे अहवालात ठिकठिकाणी येतं. एजंटला ती पुनरुक्ती वाटली. त्याने सगळीकडून काढलं, पहिल्या ठिकाणाहूनही, कारण पहिलं ठेव असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लिफ्ट जागेवरच राहिली आणि खाली आलेल्या लिफ्टमनची चौकशी चालू राहिली. पाय गेल्याचा उल्लेख ‘अनावश्यक’ म्हणून उडाला. आणि अध्यक्षांचं नाव प्रत्येक पानाच्या माथ्यावर असतं, तेही पुन्हा पुन्हा येतं म्हणून साफ केलं. अहवाल अध्यक्षहीन झाला. वाचायला पुष्कळ बरा झाला, पण न्यायाधीश महाराज एवढे लाल झाले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ह्यांचं वाक्य मात्र लिफ्टमनच्या जबानीत तसंच राहिलं होतं. कारण तिथे शब्द वेगळे आहेत.

मोघम वर्णनाने काय जाईल आणि काय राहील हे देवालाही सांगता येणार नाही, ताई. तुम्हाला मोजकी वाक्यं घालवायची आहेत आणि त्यांच्या शेजारची राखायची आहेत. हे नाजूक काम आहे. नेमकी चोरी करायला नेमकंच वर्णन लागतं. तेव्हा काय काढायचं, काय ठेवायचं, हे तुम्हीच मला खुलासेवार सांगा. मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.

घरी सगळं ठीक. हे विचारतात, ‘ताईचं काय ठरलं?’ मी सांगते, ताई तुमच्यासाठी जीव टाकतात.

आपली,
वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आता कशी माणसात आलीस! हेच आधी सुचलं असतं तर अध्यक्षांना पाणी पाजायची वेळ आली नसती.

नीट लक्ष देऊन वाच. निरीक्षक मशीनरूमपर्यंत चढला नाही असं जिथे जिथे, ज्याने कुणी, ज्या शब्दांत म्हटलं असेल, ते वाक्य काढायचं. चहाचंही काढायचं. सोन्याच्या जबानीतून, निष्कर्षातून, सगळीकडून. मागे खूण ठेवायची नाही.

लिफ्टमनच्या जबानीत दोन वाक्यं लागोपाठ आहेत. ‘दोर झिजलाय असं मी साहेबांना सांगितलं होतं. पण साहेब चढलेच नाहीत.’ ह्यातलं दुसरं काढ. पहिलं ठेव, जपून ठेव, त्याला धक्का लागू देऊ नकोस. का ते तुझ्या लक्षात येणार नाही म्हणून सांगते. दोर झिजलाय हे ह्या गृहस्थाला ठाऊक होतं आणि तरी माणसं भरून वरखाली करत होता, हे कळू दे जगाला! ठपका कुणावर तरी ठेवावा लागतोच. ह्याचा पाय गेलाच आहे, आता नोकरी गेली तर असं काय मोठं? तशीही त्याला ती उभ्याने करायची होती.

सोन्याचा दाखला जसाच्या तसा राहिला पाहिजे. त्यात चक्क छापलेलं आहे, ‘मी स्वतः मशीनरूममध्ये जाऊन दोर डोळ्यांनी तपासला आहे’, आणि खाली सोन्याची सही. एवढी कर्तव्यदक्षता कुठे बघायला मिळते? तज्ज्ञाच्या परिशिष्टालाही हात लावू नकोस. नुसत्या तारा, पीळ आणि वंगण. ते मी वाचलेलं नाही, कुणीच वाचणार नाही. पण जाड आहे, त्याने अहवालाला वजन येतं.

काढलेलं कुठे ठेवायचं असं तू विचारशीलच. कुठेही नाही.

ताई


२ मार्च

ती. ताई,

तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. वर्णन असं:

‘ज्या वाक्यात निरीक्षक मशीनरूममध्ये गेला नसल्याचा किंवा त्याऐवजी खाली थांबल्याचा उल्लेख आहे, ते संपूर्ण वाक्य हे टूल काढतं. वाक्य कुणाच्याही तोंडी असो, शब्द कुठलेही असोत. आधीच्या व नंतरच्या वाक्याला हात लावू नये. लिफ्टमनने दोराबद्दल दिलेल्या सूचनेचं वाक्य, निरीक्षकाचा दाखला आणि तज्ज्ञाचं परिशिष्ट ह्यांवर हे टूल वापरू नये. काढलेल्या मजकुराची प्रत ठेवू नये.’

माझ्या आतापर्यंतच्या वर्णनांत हे सगळ्यात स्वच्छ उतरलं आहे. एजंटला अंदाज करायला कुठेही जागा नाही. समितीत ते ‘विसंगती दूर करणे’ ह्या नावाने जाईल. नाव कसंही चालतं, लोक नावाच्या पुढे वाचत नाहीत.

आमच्या धंद्याची एक शिस्त आहे, ती सांगितली नाही तर मला चैन पडणार नाही. टूल काय काढतं एवढं बघून भागत नाही. काढल्यावर जे उरतं ते अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी सलग वाचायचं असतं. मी परिशिष्टासकट सगळा अहवाल तसा वाचला. तुम्हीही वाचा. लिफ्टमनचं ते एक वाक्य, मग परिशिष्ट, मग दाखला, ह्या क्रमाने वाचलंत तर बरं. आणि मग सांगा, नक्की हेच हवं आहे ना? नक्की ना? दोनदा विचारते आहे, कारण टूल एकदाही विचारणार नाही.

आपली,
वहिनी


६ मार्च

वहिनी,

मला अहवाल वाचायला शिकवू नकोस. तू शाळेत ओळी घोटत होतीस तेव्हा मी मंत्र्यांची भाषणं दुरुस्त करत होते.

काम फत्ते! अध्यक्षांनी वर्णनाच्या पानावर सही केली ती बडीशेप चघळत, शेजाऱ्याशी गुडघेदुखीवर बोलत. एजंटने दुपारच्या जेवणाआधी सगळं उरकलं. मी ती तीन पानं काढून बघितली. काय सफाई! शिवण दिसत नाही. नियमाप्रमाणे कच्चे खर्डे आणि जबान्यांचं ध्वनिमुद्रण नष्ट करायचं होतं, ते मी शिपायावर सोपवलं नाही. यंत्राशेजारी स्वतः उभी राहिले. कागदाच्या पट्ट्या पडताना काय गार वाटलं म्हणून सांगू!

लिफ्टमन पुन्हा आला होता. म्हटलं, आता खुशाल वाच, छापून आलाय. बराच वेळ बोट फिरवत वाचत बसला आणि कुबड्या टेकत निघून गेला. तोंडात मारल्यासारखं झालं असणार.

सोन्याला म्हणावं, दाढी कर, बूट पुसून ठेव. आणि तू थोडी हसत जा त्याच्याशी. बहीण होती म्हणून वाचला. बायकोच्या भरवशावर राहिला असता तर संपलाच होता.

ताई


१९ एप्रिल

वहिनी,

तुझा फोन लागत नाही. लागला तरी बोलता येणार नाही, पण निदान उचल तरी. सोन्याला पोलिसांनी नेलं हे तू मला कळवायला नको होतंस? मला कचेरीत शिपायाकडून कळलं!

सरकारी वकील मला भेटून गेला. अहवालाची प्रत त्याच्या काखेत, जागोजाग पिवळ्या चिठ्ठ्या. हसतमुख मुलगा आहे, मेला. म्हणाला, ‘मॅडम, असा निःसंदिग्ध अहवाल मी आजवर पाहिला नाही.’ मग बोटांवर मोजून दाखवायला लागला. लिफ्टमनने निरीक्षकाला सांगितलं, दोर झिजलाय. तज्ज्ञ म्हणतो, त्या दोराच्या तारा निदान वर्षभर सुटत होत्या, मशीनरूममध्ये शिरणाऱ्या कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात इतक्या. आणि निरीक्षक स्वतः सही करून सांगतो की मी मशीनरूममध्ये गेलो आणि डोळ्यांनी पाहिलं. ‘म्हणजे सूचना मिळाली होती, तुटणारा दोर पाहिला होता, तरी सुरक्षित असा दाखला दिला. हा कामचुकारपणा नव्हे, मॅडम. कामचुकार असता तर बदलीवर सुटला असता. ह्याने जाणूनबुजून माणसं त्या पिंजऱ्यात पाठवली.’

मी म्हटलं, तो कदाचित गेलाच नसेल वर. तो म्हणाला, ‘असं अहवालात कुठे आहे?’

सोन्या तिथे ओरडून सांगतोय की मी चढलो नव्हतो, मी चहा पीत होतो. त्याला विचारतात, हे आत्ता सुचलं का? समितीपुढे का नाही सांगितलंत? मी अध्यक्षांकडे गेले, म्हटलं, तुम्हाला आठवत असेल, निरीक्षक बोलले होते. ते म्हणाले, ‘अहवालात आहे ते मला आठवतं. अहवालात नाही ते मला आठवत नाही.’

वहिनी, ती वाक्यं परत आण. तुझ्याकडे त्यासाठी काहीतरी टूल असेलच. आणि लिफ्टमनकडे जा. त्याने एवढंच सांगायचं, साहेब चढले नव्हते. तुझं ऐकेल तो. तू गोड बोलतेस.

ताई


२४ एप्रिल

ती. ताई,

फोन ह्यांच्या सामानाबरोबर पोलिसांनी नेला आहे. रागावू नका.

परत आणणारं टूल आहे. पण ठेवलेलं परत आणता येतं. न ठेवलेलं आणायला सांगितलं तर एजंट आपल्या मनाने नवीन वाक्य रचून देईल, आणि ते तुम्हालाही पटणार नाही, इतकं चांगलं असेल.

लिफ्टमनकडे गेले होते. दोन खोल्या आहेत, स्वच्छ. एक पाय लांब करून चटईवर बसला होता, बायको दाराशी भांडी घासत होती. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, साहेब चढले नव्हते हे तुम्ही सांगितलं होतंत ना? तो म्हणाला, ‘बाई, मी काय सांगितलं ते ह्या मोठ्या पुस्तकात आहे. दोनदा वाचलं मी. एवढ्या शिकलेल्या लोकांनी तपासून छापलंय, त्याच्यापुढे माझं काय?’ मी म्हटलं, पण तुम्हाला आठवतं ना? बायकोने भांडं आपटलं आणि तिथूनच म्हणाली, ‘त्यांना औषधाने काही आठवत नाही. चहा घेणार का?’ मी नको म्हटलं. जाताना त्याने माझ्या वाटेतली कुबडी बाजूला ओढून घेतली. सभ्य माणूस आहे.

आता एकच माणूस ह्यांना सोडवू शकतो, आणि ती तुम्ही. तुम्ही जाऊन सांगायचं की निरीक्षक चढला नव्हता, ही वाक्यं अहवालात होती, मी ती काढवली. एवढं सांगितलंत की ह्यांच्या अंगावर नुसता आळस उरेल. नोकरी जाईल, पण माणूस घरी येईल. तुमच्यावर काय येईल ते मी सांगायला नको, कायद्याची कलमं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

ह्यांची पुढची तारीख महिन्याअखेरीला आहे. तोवर वेळ आहे.

आपली,
वहिनी


३ मे

वहिनी,

तारखेला मी येणार होते. निघाले होते, कोर्टाच्या कोपऱ्यावरून परत फिरले. तू मला पाहिलं असशील तर पाहिलं असशील.

मी कशी सांगू? तुला काय वाटतं, जाऊन दोन वाक्यं बोलायची आणि घरी येऊन जेवायचं? माझी बढती टेबलावर आहे. माझ्या धाकट्या लेकीच्या सासरी काय सांगायचं? आणि मी आत गेले तर बाहेरून सोन्यासाठी धडपडणार कोण? बाहेर राहूनच मी त्याच्या जास्त उपयोगाची आहे, हे तुला कळत नाही का? तूच सांग ना की तू केलंस. तुझं काय जाणार आहे? तुझी कंपनी तुला दुसऱ्या गावी पाठवेल फार तर. वर्णन तुझ्या हातचं आहेच.

सारखं तुझं ते पत्र डोळ्यांपुढे येतंय. ‘ह्या क्रमाने वाचलंत तर बरं.’ वहिनी, तुला आधीच कळलं होतं. हो ना? सगळं कळलं होतं आणि तू मला करू दिलंस. एवढं विष पोटात घेऊन माझ्या भावाच्या ताटात वाढत होतीस?

मी त्याच्यासाठी स्वेटर विणून पाठवला आहे, टपालाने. पोचला का ते कळव. तिथे फरशी गार असते म्हणतात.

ताई


११ मे

ती. ताई,

हो. कळलं होतं.

तुम्हालाही कळलं असतं, वाचलं असतं तर. मी एक अक्षर लपवलं नाही. काय जाईल, काय राहील, उरलेलं कुठल्या क्रमाने वाचायचं, सगळं लिहून दिलं, आणि दोनदा विचारलं. ह्याहून स्वच्छ वर्णन मला येत नाही. आणि मी पुढे होऊन काही सांगेन अशी आशा असेल तर ती सोडा. मला विचारतील तेव्हा वर्णनाचा कागद दाखवेन, त्यावर सचिवांची शिफारस आणि अध्यक्षांची सही आहे.

ह्यांना मी दर भेटीच्या दिवशी भेटते. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, ‘माझी वाक्यं गेली कुठे?’ मी म्हटलं, काढली. म्हणाले, ‘कुणी?’ मी म्हटलं, ताईंनी. तुम्हाला सोडवायला. खरं तेवढंच सांगितलं. त्यावर ते चक्क खूश झाले हो! म्हणाले, ‘मग काही काळजी नाही. ताई येऊन सांगेल. लहानपणी काच मी फोडायचो आणि मार ती खायची.’ बराकीतल्या सगळ्यांना सांगत सुटले की माझी बहीण मोठी अधिकारी आहे, ती येणार आहे. तारखेच्या आदल्या दिवशी दाढी केली, कुणाकडून तरी कंगवा मागून भांग पाडला. कोर्टात सारखे दाराकडे बघत होते. दार वाजलं की अर्धे उठायचे. वकिलाने दोनदा खाली बसवलं.

तुम्ही कोपऱ्यावरून परत फिरलात ते मी खिडकीतून पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. त्यांच्या जागेवरून तो कोपरा माझ्यापेक्षा चांगला दिसतो. मग ते दाराकडे बघायचे थांबले.

परवा गेले होते. काय आणू विचारलं, तर मोघम नाही, नीट, एकेक वस्तू सांगितली. साबण, पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल, बंद डब्यात लाडू नकोत कारण फोडून तपासतात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी मला काही स्पष्ट सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘ताईला सांग, भेटीला येऊ नको. आली तर मी बाहेर येणार नाही.’

स्वेटर पोचला होता. पाठवणाऱ्याचं नाव वाचून ह्यांनी तो न उघडता पहाऱ्यावरच्या शिपायाला देऊन टाकला. त्याला छान बसला, मी पाहिला. हिवाळ्याआधी दुसरा विणायचा असेल तर विणा, आणि माझ्या नावाने पाठवा. घालतील.

आपली,
वहिनी